एका दिवसात उरकलेले बेट

दक्षिणेत बदलून आलेला मराठी सरकारी नोकर आणि रामेश्वर यांची गाठ आज ना उद्या पडतेच. घरची वडील माणसे महिनाभर राहावयास येतात, त्यांच्या मनात काशी-रामेश्वराचा संकल्प जुना असतो, आणि इकडे रजा प्रवास सवलतीचा चार वर्षांचा गट संपत आलेला असतो. हा त्रिवेणी योग जुळला की मंडळी निघतात. निघण्याविषयी आमची काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती तेथे पोचल्यावर जे घडते त्याविषयी.

पहाटे अग्नितीर्थावर समुद्रस्नान, ओलेत्यानेच बावीस तीर्थांच्या बादल्या डोक्यावर, मग गाभाऱ्यापुढील रांग, मग इडली. आणि नऊच्या सुमारास लॉजच्या दारात एक व्हॅन येऊन उभी राहते. तिच्यात बारा जागांवर चौदा माणसे बसतात. पुढील आठनऊ तासांत त्यांस दहाबारा 'पॉइंट' दाखविले जातात. रामाची पाऊले, पाण्यावर तरंगणारे दगड, विल्लुंडी तीर्थ, राष्ट्रपती कलामांचे घर, त्यांचे स्मारक, पांबनचा पूल, विभीषणाचे मंदिर, आणि सर्वांत शेवटी, भर उन्हात, धनुष्कोडी. संध्याकाळी व्हॅन मंडळींस पुन्हा लॉजच्या दारात उतरवते, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात 'रामेश्वर झाले का?' या प्रश्नास 'झाले' असे उत्तर मिळते. हे 'झाले' आम्हांस सोसवत नाही. जेवण होते, आंघोळ होते, वर्षश्राद्ध होते. बेट कसे होते?

या पूर्ण दिवसाच्या स्थलदर्शनाचा धंदा आपल्या लोकांनी तरी आपल्या पैशांनी पोसू नये, असे आमचे मत आहे, आणि ते मऊ शब्दांत मांडण्याची आमची इच्छा नाही.

प्रथम हे बेट काय आहे ते पाहू, कारण व्हॅनमध्ये ते कोणी सांगत नाही. बंगालचा उपसागर एका बाजूस आणि मन्नारचे आखात दुसऱ्या बाजूस, यांच्या मध्ये हे प्रवाळाचे आणि वाळूचे बेट लंकेच्या दिशेने पसरले आहे. पश्चिमेस ते रुंद आहे. पूर्वेस त्याला एक लांब, निमुळते शेपूट आहे. हे शेपूट म्हणजेच धनुष्कोडीची पट्टी. तिच्या टोकापासून श्रीलंकेतील तलैमन्नार सुमारे ३० किलोमीटर. पट्टीवर माती म्हणावी अशी जवळजवळ नाहीच. पांढरी वाळू, वाऱ्याने सरकणारे उंचवटे, मधूनच ताडाची झाडे, वेडी बाभूळ, सुरूची लागवड, आणि दोन्ही हातांना समुद्र. येथील पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. आपल्याकडील मृगाचे नि आर्द्राचे गणित येथे लागू पडत नाही. जो पाऊस पडतो तो वाळूत क्षणात जिरतो. म्हणून उष्ण कटिबंधात, पाण्याने वेढलेल्या या भूमीवर उभे राहिले असता माणसास वाळवंटात आल्याचा भास होतो. गाइडदेखील 'छोटा राजस्थान' म्हणून ते दाखवितो आणि छायाचित्रांसाठी दहा मिनिटे देतो.

वस्तुतः पाहण्यासारखी गोष्ट त्याच वाळूच्या पोटात आहे. जिरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे समुद्राच्या पाण्यावर, वाळूखाली, पातळ थरासारखे तरंगत राहते. धनुष्कोडीच्या कोळ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांच्या बायका समुद्रापासून थोड्याच अंतरावर हाताने वाळू उपसून उथळ खड्डा करतात. तळाशी हळूहळू गोडे पाणी साचते. ते धीराने भरून घागरी घरी नेतात. अधिक खोल खणण्याचा लोभ धरला तर पाणी खारे होते. (येथे आमचे प्रतिपक्षी म्हणतील की, पाहा, उथळपणाचाही काही उपयोग असतो! असतो खरा, पण त्या उथळ खड्ड्यापाशी तासभर बसावे लागते, आणि व्हॅनच्या वेळापत्रकात तो तास नाही.)

याच सकाळी, याच व्हॅनने, मंडळींस विल्लुंडी तीर्थ दाखविलेले असते. समुद्रात बांधलेल्या विहिरीत गोडे पाणी लागते; सीतेची तहान भागविण्यासाठी रामाने बाण मारला, अशी कथा. कथा सुंदर आहे आणि तिच्याशी आमचे भांडण नाही. पण सकाळी विल्लुंडीचे घोटभर पाणी तीर्थ म्हणून मस्तकास लावणारी माणसे दुपारी धनुष्कोडीच्या वाळूतून घागर घेऊन चाललेल्या बाईकडे खिडकीतून पाहतात, आणि हे पाणी व ते पाणी एकाच निसर्गनियमाचे आहे, एका तहानेसाठी आहे, हे त्यांस सांगणारा कोणी नसतो. गाइडला ते ठाऊक नसते असे नव्हे. पुष्कळदा तो त्याच किनाऱ्यावरचा मुलगा असतो. पण त्याला पाठ दिलेल्या भाषणात आई पाणी कोठून आणते याला जागा नाही.

आणि आपण तर एकनाथांच्या मुलुखातून आलेली माणसे. काशीच्या गंगेची कावड रामेश्वरास वाहून नेताना वाटेतील तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारे गाढव पाहून नाथांनी ती कावड त्याच्या मुखी रिती केली, ही कथा आपल्यातील प्रत्येकाने शाळेत ऐकली आहे. ज्यांच्या परंपरेत रामेश्वराच्या वाटेवरील तहान हेच खरे रामेश्वर ठरले, त्यांनी या बेटावर वातानुकूलित व्हॅनमध्ये बाटलीचे पाणी पीत फिरावे आणि रिकामी बाटली त्याच वाळूत भिरकावून द्यावी, याला काय म्हणावे? १८९७ च्या जानेवारीत लंकेहून परतताना स्वामी विवेकानंद याच बेटावर उतरले आणि रामेश्वराच्या देवळात त्यांनी खऱ्या पूजेवर भाषण केले. दीनदुबळ्यांत शिव पाहावा, हाच त्या भाषणाचा गाभा होता. त्यांच्या स्मारकालाही काही व्हॅना दहा मिनिटे थांबतात.

आता धनुष्कोडीच्या भिंतींकडे येऊ. आमच्या वाचकांपैकी बहुतेक जण केंद्राच्या सेवेत आहेत, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

१९१४ साली पांबनचा रेल्वे पूल खुला झाला, आणि मद्रासहून निघालेली गाडी थेट धनुष्कोडीपर्यंत जाऊ लागली. तेथे धक्क्यावर बोट उभी असे; ती उतारूंना तलैमन्नारला नेई आणि पलीकडे कोलंबोची गाडी मिळे. म्हणजे हे ओसाड टोक पन्नास वर्षे एका राज्यमार्गावरील ठाणे होते. तेथे स्थानक होते, रेल्वेच्या चाळी होत्या, जकातीची कचेरी होती, टपाल व तार कचेरी होती, बंदराची कचेरी होती, प्रवाळाच्या दगडांनी बांधलेले चर्च होते. या कचेऱ्यांत कोण बसत असेल? आपल्यासारखीच माणसे: कोठून तरी बदलून आलेली, 'फार लांब टाकले हो' म्हणून कुरकुरणारी, मुलांच्या शाळेच्या चिंतेत असलेली, महिन्याच्या पहिल्या तारखेची वाट पाहणारी. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने त्यांच्याही फायलींच्या दोऱ्या कुजल्या असतील.

१९६४ च्या डिसेंबरात, २२ तारखेच्या रात्री, चक्रीवादळ आले. पांबनहून निघालेली ६५३ क्रमांकाची उतारू गाडी धनुष्कोडीजवळ पोचली होती, सिग्नल मिळेना, काही वेळ थांबून चालकाने शिटी दिली आणि गाडी पुढे काढली. समुद्राच्या लाटेने ती सबंध गिळली. शंभराहून अधिक माणसे त्या एका गाडीत गेली. त्यांत रेल्वेचे कर्मचारी होते. गावही गेले. पुढे मद्रास सरकारने धनुष्कोडी मनुष्यवस्तीस अयोग्य म्हणून जाहीर केले. मोडलेला पांबनचा पूल मात्र ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला.

या भिंतींपुढे आज काय चालते? 'भुतांचे गाव' अशी पाटी लावून तिकिटाशिवायचा खेळ चालतो. रात्री रडण्याचे आवाज येतात, असे गाइड सांगतो, आणि मंडळी लटके भय दाखवून हसतात. चर्चच्या उघड्या कमानीत नवविवाहितांना उभे करून छायाचित्रे काढतात. टपाल कचेरीच्या पडक्या भिंतीस पाठ टेकून कोणी नारळपाणी पितो. त्या कचेरीत शिक्का मारणाऱ्या कारकुनाच्या मृत्यूची थट्टा दुसऱ्या कारकुनाने करावी, याहून मोठा विनोद आमच्या पाहण्यात नाही. आणि तो आम्हांस हसवत नाही. आपल्या स्वतःच्या कचेरीतील एखादा सहकारी सेवेत असता गेला, तर आपण दोन मिनिटे उभे राहतो. ६५३ क्रमांकाच्या गाडीसाठी दोन मिनिटे मागितली तर व्हॅनचा चालक भोंगा वाजवितो.

पण याहून वाईट गोष्ट दुसरीच आहे. 'भुतांचे गाव' म्हणताना तेथे राहणाऱ्या जिवंत माणसांना आपण भुतांत जमा करतो. 'मनुष्यवस्तीस अयोग्य' हा शेरा फायलीत पडला, आणि कागदावरून गाव नाहीसे झाले. कोळी मात्र गेले नाहीत, गेले ते परत आले, कारण मासे फायलीप्रमाणे स्थलांतर करीत नाहीत. त्यांच्या झावळ्यांच्या झोपड्या त्याच वाळूवर उभ्या राहिल्या. दीर्घकाळ तेथे विजेची तार पोचली नव्हती, कारण जेथे कोणी राहत नाही तेथे तार कशासाठी न्यावयाची? एका शेऱ्याने माणूस कसा नाहीसा होतो, हे आपल्याइतके कोणास कळणार? आपण ते रोज करतो. त्या शेऱ्याचे परिणाम डोळ्यांनी पाहण्याची संधी भारतात फार थोड्या ठिकाणी इतक्या स्पष्टपणे मिळते, आणि ती संधी आपण शंखशिंपल्यांच्या दुकानात घालवितो.

शंखशिंपल्यांवरून आठवले. मन्नारच्या आखातातील २१ बेटे १९८६ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखीव आहेत. प्रवाळ आणि शंखांच्या काही जाती २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत समाविष्ट झाल्या. केंद्राचा कायदा, केंद्राचा नोकर, आणि पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला प्रवाळाचा तुकडा, 'शोकेससाठी'! इतके लिहून हा विषय सोडतो.

आमच्या मताविरुद्ध तीन आक्षेप नेहमी घेतले जातात.

पहिला रजेचा आणि पैशांचा. नैमित्तिक रजा वर्षाची आठ, त्यांत रामेश्वरास किती द्यावयाच्या? शिवाय सवलतीच्या नियमांप्रमाणे परतावा मिळतो तो ठरलेल्या ठिकाणापर्यंतच्या भाड्याचा. तेथील स्थानिक भ्रमंती आणि किरकोळ खर्च यांसाठी सरकार छदामही देत नाही. तेव्हा माणशी जागेच्या दराने व्हॅन परवडते. हा आक्षेप खरा आहे, आणि तो करणाऱ्याची आर्थिक ओढाताण आम्हांस घरच्यासारखी परिचित आहे. पण हिशेब मांडून पाहावा. दहा पॉइंटांची व्हॅन न करता सरकारी बसने धनुष्कोडीस गेले तर खर्च कमीच येतो. २०१७ च्या जुलैत मुकुंदरायर चत्रमपासून अरिचलमुनैपर्यंतचा साडेनऊ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. त्यापूर्वी वाळूतून खास गाड्या कराव्या लागत, आता तशी अडचण नाही. लागतो तो एक जादा दिवस. आणि गावाकडच्या लग्नासाठी, घर पाहण्यासाठी, क्रिकेटच्या सामन्यासाठी तो जादा दिवस आपल्याला कसा सापडतो, हे सर्वांस माहीत आहे.

दुसरा आक्षेप वृद्धांचा. आईवडिलांना उन्हात पायपीट कशी करवावी? आम्ही उलट विचारतो, बावीस तीर्थांच्या स्नानानंतर सत्तरीच्या बाईला दहा ठिकाणी व्हॅनमधून चढ-उतार करावयास लावणे ही कोणती सेवा? त्या माउलीस देवाचे दर्शन हवे होते. तरंगणारा दगड तिने मागितला नव्हता. तिला दुपारी देवळाच्या लांब ओवरीत, दगडी खांबांच्या सावलीत स्वस्थ बसू द्यावे. ती ओवरी बांधणारांनी ती बसण्यासाठीच बांधली.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रतिष्ठित दिसतो: या सहलींमुळे गरिबांना रोजगार मिळतो. मिळतो, पण कोणाला किती, हे पाहावे. पैसा लॉजच्या गल्ल्यावर, व्हॅनच्या मालकाकडे आणि दलालीच्या दुकानात प्रथम जिरतो. ज्या बाईने पहाटे आणलेला मासा दुपारी टोकाजवळच्या झोपडीत तळून विकावयास ठेवला आहे, तिच्यापाशी थांबण्यास 'वेळ नाही' असे गाइड सांगतो. तिचा नवरा पाल्कच्या सामुद्रधुनीत जातो. १९७४ च्या करारान्वये कच्चतीवू श्रीलंकेकडे गेल्यापासून त्या पाण्यातील सीमेचा प्रश्न धुमसत आहे, आणि सीमा ओलांडली म्हणून श्रीलंकेच्या नौदलाकडून कोळ्यांना अटक व होड्यांची जप्ती, या बातम्या वर्षानुवर्षे आपण वाचतो. टोकावरून गाइड हात करून 'ती पाहा लंका' म्हणतो. लंका दिसत नाही. आणि ज्याच्यासाठी ती दिशा दर रात्री जिवावरची आहे, तो माणूस शेजारीच जाळे विणीत बसलेला असूनही दिसत नाही.

खरे कारण या तिन्ही आक्षेपांपलीकडचे आहे, आणि ते आपणांस बोचेल. व्हॅन आपल्याला सोईची वाटते, कारण आपण बदलीच्या गावीही तसेच राहतो. मदुरैत तीन वर्षे काढतो. तमिळ येते ते रिक्षावाल्याशी आणि भाजीवाल्याशी भांडण्यापुरते. शेजारच्या घरात मृत्यू झाला तर काय म्हणावे ते ठाऊक नसते, म्हणून दार लोटून घेतो. महाराष्ट्र मंडळ, गणेशोत्सव, कोजागिरी, पुण्याहून मागविलेली भाजणी, आणि बदलीचा अर्ज. ही आपली तीन वर्षांची लांबलेली स्थलदर्शन सहलच नव्हे काय? खिडकी बंद, गाइड मागच्या पोस्टिंगवरचा कोणी सहकारी, आणि पॉइंट म्हणजे मीनाक्षी, कोडाईकनाल, रामेश्वर, कन्याकुमारी. ज्याला गावात राहून गाव पाहण्याची सवय नाही, त्याला बेटावर एक दिवसही जास्तच वाटणार.

मराठी माणूस या वाटेवर नेहमीच असा वागत आला असे मात्र नाही. तंजावरच्या मराठी राजांनी रामेश्वराच्या मार्गावर चत्रे, म्हणजे धर्मशाळा, बांधली होती. सरफोजी दुसरे यांच्या काळातील ओरत्तनाडचे मुक्तांबाळ चत्रम तर प्रसिद्धच आहे. तेथे वाटसरूस जात न पुसता अन्न मिळे, आजारी पडलेल्यास वैद्य मिळे, मुलांसाठी शाळा होती. पायी चालणारा यात्रेकरू तेथे टेके, बोले, दुखणे बरे होईपर्यंत राही. तमिळ मुलुखात राज्य करणारी ती मराठी घराणी तेथलीच झाली होती. तमिळ आणि तेलुगू त्यांच्या दरबारात मराठीइतक्याच सुखाने नांदत. धनुष्कोडीचा नवा रस्ता ज्या ठिकाणाहून सुरू होतो त्या मुकुंदरायर चत्रमच्या नावातही तोच शब्द आहे. व्हॅन तेथे थांबत नाही.

कलामांच्या घरासमोर ती थांबते, पण तेथेही उलटेच घडते. त्यांचे वडील स्वतः बांधलेल्या होडीतून यात्रेकरूंना धनुष्कोडीस नेत. महायुद्धाच्या काळात रामेश्वर स्थानकावर गाडी थांबेनाशी झाली, तेव्हा धावत्या गाडीतून फेकलेले वृत्तपत्रांचे गठ्ठे गोळा करण्याचे काम या मुलाने केले. होडी, गाडी, वाळू, वृत्तपत्र: बेटाचा सारा इतिहास एका मुलाच्या बालपणात आहे. तो सांगावयाचा तर धनुष्कोडीच्या वाटेवर सांगावयास हवा. मंडळी वरच्या मजल्यावरील दुकानातून की-चेन घेऊन खाली येतात.

म्हणून आमची सूचना, आणि ती आपल्या मंडळांच्या कार्यकारिणींना उद्देशून आहे. थंडीच्या सहलींची पत्रके लवकरच निघतील. त्यांत 'रामेश्वर: एक दिवस, सर्व पॉइंट' असा कार्यक्रम छापू नये. दोन मुक्काम ठेवावेत. पहिला दिवस देवळाचा, आणि त्या दिवशी दुसरे काहीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी, धनुष्कोडी. स्थानकाच्या अवशेषांपाशी एका माणसाने १९६४ ची हकीकत मराठीत वाचून दाखवावी, आणि 'भूत' हा शब्द त्या दिवसापुरता वर्ज्य असावा. जेवण टोकाजवळच्या झोपड्यांतच घ्यावे. शाकाहारींनी दहीभाताचे डबे न्यावेत आणि डबे परत आणावेत. मंडळातील तमिळ जाणणाऱ्या एका सभासदाने बरोबर असावे. असा सभासद नसेल तर सहलीआधी तमिळचा वर्ग काढावा. रेल्वेने जाणाऱ्यांनी ६ एप्रिल २०२५ रोजी खुल्या झालेल्या नव्या पुलावरून जाताना शेजारच्या जुन्या पुलाकडे पाहावे; डिसेंबर २०२२ पासून त्यावरून गाडी गेलेली नाही.

पांबनच्या परतीच्या गाडीचे आरक्षण दुसऱ्या दिवशी रात्रीचे करावे. संध्याकाळी धनुष्कोडीहून बाहेरच्या माणसांना परतावेच लागते, त्यामुळे वेळ जुळते.